वर्गात खेळ चालू असेल तर अभ्यास बुडतो का?

"आज शाळेत काय शिकवलं?" असे अम्मीने विचारावे आणि लेकराने "खेळलो" म्हणत दप्तर कोपऱ्यात टाकावे, हे पिंपरीपासून चाकणपर्यंत कुठल्याही घरात ऐकू येईल. अम्मीचा चेहरा उतरतो. अब्बा दुसऱ्या पाळीला गेलेले, रिक्षाचे पैसे, वह्यांचे पैसे, वर कुठे इंग्रजी माध्यमाची फी. आणि पोर म्हणते, खेळलो! हा राग आम्हाला समजतो. लातूर-बीडहून किंवा थेट उत्तर प्रदेशातून जो माणूस इथे पोट भरायला आला, त्याला मुलाची वही भरलेली दिसली की जिवाला बरे वाटते. पण भरलेली वही वेगळी आणि समजलेला धडा वेगळा. हा फरक आठवी-नववीत उघडा पडतो. गणित सुटलेला मुलगा गुपचूप शाळेतून उठतो आणि कुठल्या तरी वर्कशॉपमध्ये हेल्पर म्हणून उभा राहतो. मुलगी घरी बसते. म्हणून खेळाचा हा प्रश्न आम्ही हलक्यावर घेत नाही.

खेळातून शिकवण्याच्या कामात देशभर ज्यांचे नाव आहे, ते अरविंद गुप्ता आपल्याच शहरातल्या कंपनीतून बाहेर पडले, हे अनेकांना ठाऊक नसेल. 1975 मध्ये कानपूरच्या आयआयटीतून इंजिनिअर होऊन ते पुण्याच्या टेल्कोत, म्हणजे आजच्या टाटा मोटर्समध्ये, रुजू झाले. ट्रक बनवणारी कंपनी, पक्की नोकरी. 1978 मध्ये रजा घेऊन ते मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात गेले. तिथे 1972 पासून खेड्यातल्या शाळांत प्रयोगांतून विज्ञान शिकवण्याचा कार्यक्रम चालू होता. महागडी साधने कुठून आणणार? त्यांनी आगपेटीच्या काड्या घेतल्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हला लागते ती बारीक रबरी नळी घेतली. पुढे त्यांनी नोकरी सोडली, पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अनेक वर्षे काम केले आणि 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पण आम्हाला इथे सांगायची आहे ती त्या काडीची आणि नळीची करामत.

काडीचे गुल खरवडून टाकायचे. नळीचे दीड-दीड सेंटिमीटरचे तुकडे करायचे. एका तुकड्यात दोन्ही बाजूंनी काड्या घातल्या की सांधा तयार. तीन काड्या, तीन सांधे: त्रिकोण. चार काड्या, चार सांधे: चौकोन. आता मुलांना म्हणायचे, दाबून बघा. चौकोन लगेच तिरका होतो, आडवा पडतो. पंचकोन तर हवा तसा वाकतो. त्रिकोण मात्र आकार सोडत नाही. मुले पुन्हा पुन्हा दाबतात, एकमेकांचा हिसकावून बघतात, वर्गात गलका होतो. आता बाईंनी एवढेच विचारायचे, "चौकोन ताठ उभा कसा करता येईल?" कुणी तरी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी काडी लावायला जाते आणि काडी अपुरी पडते! कर्ण बाजूपेक्षा लांब असतो, हे त्या पोराला आता कुणी पाठ करायला सांगावे लागत नाही.

याच वर्गात एखाद्याचे अब्बा भोसरीला फॅब्रिकेशनच्या कामावर असतात. शेडच्या पत्र्याखाली कैची का लावतात, तिच्यात त्रिकोणच का असतात, हे त्यांनी हातांनी केलेले असते. चिखली-कुदळवाडीकडे ज्यांच्या घरी भंगाराचा धंदा होता किंवा आहे, ती मुले तांबे, पितळ, ॲल्युमिनियम नजरेने ओळखतात. शाळेच्या पुस्तकात या हुशारीला जागा नाही. काड्यांचा खेळ मांडला की ती वर येते. घरात दखनी किंवा हिंदी बोलणारे आणि मराठी वर्गात मागच्या बाकावर गप्प बसणारे मूलही हातात वस्तू आली की पुढे सरकते. आमच्या मते खेळाचा सर्वांत मोठा फायदा हाच.

मात्र सगळेच खेळ सारखे नसतात. प्रश्न विचारायचा, पटकन उत्तर देणाऱ्याला गुण आणि चॉकलेट द्यायचे, हल्ली तेच मोबाईलवर रंगीत करून दाखवायचे. याला आम्ही खेळ म्हणायला तयार नाही. ही चाचणीच, फक्त गोड केलेली. त्यात रोजचीच चार मुले जिंकतात, बाकीची टाळ्या वाजवतात. खरा खेळ तो, ज्याच्या नियमातच धडा असतो.

एक उदाहरण देतो. त्याला काडीही लागत नाही. दोघे खेळतात. एकाने 1 ते 10 मधला एक आकडा बोलायचा. दुसऱ्याने त्यात 1 ते 10 पर्यंत काहीही मिळवून बेरीज सांगायची. मग पुन्हा पहिला. जो नेमका 100 वर पोचेल तो जिंकला. साठ मुलांच्या वर्गात तीस जोड्या एकाच वेळी खेळतात. दहा मिनिटांत प्रत्येक मूल इतक्या बेरजा करते की तेवढ्या वहीत घातल्या असत्या तर रडारड झाली असती. दोन-चार डाव हरल्यावर कुणाला तरी दिसते की 89 म्हटले की समोरचा फसला. मग 89 वर पोचायला 78, त्याआधी 67, 56... अकरा-अकराने उतरत थेट 1 पर्यंत. हे मुलांनी आपले आपण शोधायचे. बाईंनी आधी सांगितले की मजा गेली, आणि शिकणेही गेले.

काही घरांत फाशांचा खेळ चालत नाही. शिक्षकांनी त्या घरांचा मान ठेवावा. आकड्यांच्या चिठ्ठ्या घडी करून डब्यात टाकल्या तरी काम भागते. पैज तर कुठल्याच खेळात नको. गलक्याची तक्रार करणाऱ्या मुख्याध्यापकांना मात्र एकच विनंती: वर्गात जाऊन ऐका, मुले आरडाओरडा करताहेत की बेरजा. आणि जोड्या लावताना मुलींना मुलींतच मागे बसवू नका. बोलक्या मुलीला अबोल मुलीजवळ आणा.

अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावर मराठी, हिंदी आणि उर्दूतली पुस्तके फुकट मिळतात. खेळणी कशी करायची याच्या छोट्या फिल्मही तिथे आहेत. घरातला एकच मोबाईल मगरिबनंतर मुलांच्या हाती जातोच, तर आठवड्यातून एकदा हे लावावे.

आणि आता अम्मी-अब्बांसाठी. खेळ तोच, पण पोचायचे फक्त 20 वर, आणि एका वेळी 1, 2 किंवा 3 एवढेच मिळवायचे. इथे पहिला बोलणारा जिंकतो की दुसरा? मुलाला समोर बसवा आणि एक डाव त्याला सुरू करू द्या.