उपवासाची कढई

पहाटे 3:30. महाशिवरात्र. अंबरनाथ पूर्वेला, शिवमंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर ताईंनी टेबल मांडलं. दर्शनाची रांग मध्यरात्रीपासूनच आहे. रात्री भिजवलेला 10 किलो साबुदाणा दोन टोपांत फुललाय. ताई एक दाणा चिमटीत दाबतात. आत टणक राहिला तर वडा तेलात फुटतो, हात भाजतो. दाणा मऊ आहे.

4:15. शेजारच्या मावशी 10 किलो उकडलेले बटाटे कुस्करतात. मजुरी दिवसाचे 700 रुपये, चहा वेगळा. 5 किलो दाण्याचं कूट घरूनच काढून आणलंय, जाडसर. वर मिरची, जिरं, सैंधव. कोथिंबीर नाही. काही घरांत ती उपवासाला चालत नाही, आणि गिऱ्हाईक परत जायला नको.

5:30. पहिला घाणा. आच मध्यम, मोठी केली की वडा बाहेरून लाल, आतून कच्चा. दुसऱ्या शेगडीवर 20 किलो रताळी उकडतायत. मागच्या वर्षी ती नव्हती. मधल्या काळात ताईंना शुगर निघाली, डॉक्टरांनी तळण कमी करायला सांगितलं. रांगेत आपल्यासारखे असतीलच, असा त्यांचा अंदाज.

8:00. आहेत. "तेलकट नको, रताळं द्या." पण सोबतची पोरं झाऱ्याकडे बघत असतात. एक प्लेट रताळं, दोन प्लेट वडे. वडा 30 रुपये, रताळं 20. सामान आणि गॅस धरून वड्यामागे 15 सुटतात, रताळ्यामागे 10.

11:30. ऊन चढलं. मंदिर 1060 सालचं, शिलाहारांच्या काळातलं. गाभारा खाली, पायऱ्या उतरून. तिथे एका वेळी मोजकीच माणसं मावतात, म्हणून रांग इथवर येते. ताईंचा धंदा त्या पायऱ्यांच्या जिवावर.
तेल काळवंडलं. डबा 2,200 रुपयांचा. ताई दोन क्षण कढईकडे बघतात, मग ती उतरवतात, जुनं बाजूला काढतात, नवं ओततात.

दुपारी 2:00. ताई उभ्यानेच जेवतात. भगर, दाण्याची आमटी, वाटीभर दही. मावशी गरम वडा पुढे करतात. ताई तो मोडतात.
"सणाला एखादा चालतो की गं."
"अर्धा चालतो. अर्धा तुम्ही घ्या."

5:30. रताळी संपली. वड्यांचं सारण अजून परातभर आहे. एक गृहस्थ येतात.
"रताळं आहे का?"
"संपलं, काका. वडे आहेत."
"मग काय, वडेच द्या आता." चेहऱ्यावर दुःख काही दिसत नाही. चटणी मात्र दोनदा मागून घेतात.

रात्री 9:00. नोटा सरळ करून मोजणी. मावशींचे 700 आधी बाजूला. सिलिंडर हलवून बघितला, निम्म्याच्या खाली गेलाय.
"पुढच्या वर्षी रताळी 30 किलो आणू," ताई म्हणतात.
"मग तेल कमी लागेल?"
"छे! तेल तेवढंच."