फलकावरचे किलोवॅट, गाडीतले किलोवॅट

विजेची मोटार घेतल्यापासून पुणे-कोल्हापूर रस्त्यावरच्या प्रत्येक चार्जिंग थांब्याची मी वहीत नोंद ठेवतो : केंद्राच्या फलकावर किती किलोवॅट लिहिले होते, गाडीच्या पडद्यावर प्रत्यक्षात किती दिसले आणि किती मिनिटे गेली. पहिले दोन आकडे क्वचितच जुळतात. ते का जुळत नाहीत हे समजले, की वेगवान केंद्र शोधणे बरेच सोपे होते.

किलोवॅट हा वीज भरण्याचा वेग, तर युनिट हे भरलेल्या विजेचे माप. ४० युनिटांची बॅटरी १० टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर न्यायला २८ युनिट लागतात. ७.२ किलोवॅटच्या एसी केंद्रावर त्याला जवळजवळ चार तास लागतील. ३० किलोवॅटच्या डीसी केंद्रावर साधारण तासाभरात काम होईल. बॅटरीत डीसी वीजच साठते. एसीचे डीसीत रूपांतर करणारा गाडीतला चार्जर लहान असतो. डीसी केंद्रात हेच काम बाहेरची मोठी पेटी करते. म्हणून प्रवासात पहिली चाळणी डीसीची, आणि आपल्याकडच्या बहुतेक नव्या मोटारींसाठी सीसीएस-२ जोडणीची.

मग १२० किलोवॅटचे केंद्र ६० च्या दुप्पट वेगवान का? गाडीची स्वतःची कमाल मर्यादा ५० किलोवॅट असेल, तर दोन्हीकडे सारखाच वेळ जाईल. मात्र ६० च्या पेटीला दोन गन असतील आणि शेजारी दुसरी गाडी लागली, तर अनेक ठिकाणी वीज वाटली जाते व आपल्या वाट्याला ३० च येतात. तिथे १२० ची पेटी खरोखर उपयोगी पडते.

तिसरी मर्यादा बॅटरीची. नाट्यगृह रिकामे असताना प्रेक्षक भराभर बसतात. शेवटच्या खुर्च्या शोधताना रांग खोळंबते. लिथियमचे आयनही भरत आलेल्या बॅटरीत तसेच सावकाश जागा घेतात. घाई केली तर धातूचा थर साचून बॅटरीचे नुकसान होऊ शकते, म्हणून साधारण ८० टक्क्यांनंतर गाडी स्वतःच वेग उतरवते. पुढचे केंद्र पल्ल्यात असेल, तर १०० टक्क्यांची वाट पाहण्यापेक्षा दोन छोटे थांबे बरे.

त्यामुळे ॲपवर केंद्र निवडताना मी आधी आपल्या गाडीची मर्यादा लक्षात घेतो, मग प्रत्येक गनला मिळणारे किलोवॅट, गनांची संख्या आणि तिथे शेवटची गाडी कधी चार्ज झाली हे पाहतो. दुसरे केंद्र गाठता येईल एवढी वीज शिल्लक ठेवूनच पहिल्याकडे वळतो.

केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत महामार्गाच्या दोन्ही बाजूंना दर २५ किलोमीटरवर केंद्र अपेक्षित होते. पण नुसते अंतर मोजून प्रवाशाचे भागत नाही. टॅक्सीचालकाचा रांगेत गेलेला तास म्हणजे बुडालेले भाडे. रुग्णाला घेऊन निघालेल्या कुटुंबाला तर त्या तासाचा हिशेबही मांडता येत नाही. पंपावर लिटरची खात्री वैधमापन विभागाचा शिक्का देतो. चार्जिंग केंद्रानेही दुसरी गाडी लागल्यावर एका गनला किती किलोवॅट मिळतील, एवढे तरी फलकावर स्पष्ट लिहावे. ग्राहक म्हणून ही मागणी आपणच लावून धरली पाहिजे.