पाच गाड्या, दोन घाट, दोन बोटी

आपल्या महाविद्यालयाच्या आवारात मोटारसायकली दरवर्षी वाढत आहेत आणि दिवाळीची सुट्टी जवळ आली की ‘चला, कोकणात जाऊ’ ही घोषणाही दरवर्षी कानी पडते. पुढे बहुधा दोनच गोष्टी घडतात. एक तर कोणाच्या तरी घरून नकार येतो आणि बेत कॅन्टीनमध्येच विरतो. नाही तर दहा-बारा गाड्या एकदम सुटतात, पाटणपर्यंत एकत्र असतात आणि चिपळूण येईपर्यंत त्यांच्या चार टोळ्या झालेल्या असतात. मग कोण पुढे गेले, कोण मागे राहिले, यावर महिनाभर रुसवेफुगवे!

गेल्या नोव्हेंबरात आम्ही आठ जण पाच गाड्यांवरून तीन दिवसांची फेरी करून आलो. कुंभार्ली घाटाने उतरायचे, किनाऱ्याने उत्तरेकडे सरकायचे आणि आंबेनळी घाटाने वर यायचे, असा मार्ग होता. ही आखणी कशी केली, असे अनेकांनी विचारले. त्यांच्यासाठी हा लेख.

नकाशा पुढे घेतला तेव्हा भूगोलाच्या सरांनी एक गोष्ट सुचवली. रस्ते पाहण्याआधी नद्या पाहा, असे ते म्हणाले. प्रीतिसंगमावर आपण रोज ज्या कृष्णा-कोयना पाहतो, त्या दोघीही महाबळेश्वरी उगम पावतात. कोयना हेळवाकपर्यंत दक्षिणेकडे वाहते व तेथून पूर्वेला वळून कऱ्हाडकडे येते. आपला रस्ता तिच्या सोबतीने हेळवाकला जातो व पुढे घाट उतरतो. पण कोयनेचे सगळेच पाणी आपल्याकडे येत नाही. जलाशयातले पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पोटातून पोफळीकडे नेले आहे. वीज तयार झाल्यावर ते वाशिष्ठीला मिळते आणि दाभोळच्या खाडीवाटे समुद्रात जाते. म्हणजे आपण घाट वरून उतरत असतो तेव्हा कोयना आतून उतरत असते आणि दुपारी धोपाव्याच्या बोटीत ती पुन्हा भेटते! सावित्रीचेही तसेच. दुसऱ्या दिवशी वेश्वीहून बागमांडल्याला जाताना बोटीने जी खाडी ओलांडायची, ती हिचीच. तिसऱ्या दिवशी महाड-पोलादपूरवरून चढत आपण हिच्या उगमाशी, महाबळेश्वरला, पोचतो. मार्ग असा समजला की पाहण्याची ठिकाणे वेगळी शोधावी लागत नाहीत.

आता गाड्यांविषयी. आमच्यात दोन गाड्या साडेतीनशे सीसीच्या होत्या, दोन दीडशेच्या आणि एक जुनी शंभर सीसीची. ही शेवटची गाडी आमच्या मित्राच्या वडिलांची. तिच्यावरून ते रोज पहाटे दूध घालतात. तीन दिवस त्यांनी दुसऱ्याची गाडी मागून घेतली होती, पण सोमवारी पहाटे ती दारात धडधाकट उभी हवी, एवढी एकच अट होती. ही अट आम्ही सर्वांची अट मानली आणि सारे नियोजन त्या गाडीभोवती केले. सर्वांत हळू गाडीचा वेग तोच टोळीचा वेग आणि सर्वांत कमी पल्ल्याची टाकी अर्धी झाली की सर्वांनी पेट्रोल भरायचे. किनाऱ्यावरच्या लहान गावांत पंप असेलच असे नाही. चिपळूण, दापोली, महाड अशा मोठ्या गावी टाक्या भरून घ्याव्यात.

दुसरा हिशेब वेळेचा. देशावरच्या सवयीने आपण ‘शंभर किलोमीटर म्हणजे दोन तास’ म्हणतो. घाटात आणि किनाऱ्याच्या अरुंद रस्त्यावर ताशी पंचवीस-तीस किलोमीटरच धरावेत. पहिल्या दिवशी कऱ्हाड-चिपळूण-गुहागर-धोपावे-दाभोळ-दापोली हा सुमारे दोनशे किलोमीटरचा प्रवास होता. पहाटे सहाला निघून दापोलीजवळच्या मुरूडला दिवस मावळताना पोचलो. दुसरा दिवस मुद्दाम लहान ठेवला. हर्णैचा मासळीबाजार आणि समुद्रातला सुवर्णदुर्ग, आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती, केळशी, वेळास ही सारी ठिकाणे त्याच वाटेवर आहेत. तिसरा दिवस सर्वांत लांब, अडीचशेच्या आसपास, म्हणून उजाडताच निघालो. अंधार पडल्यावर घाटात असायचे नाही, हा नियम तिन्ही दिवस पाळला. बोटींच्या वेळा आदल्या दिवशी विचारून ठेवाव्यात. धोपाव्याची शेवटची बोट चुकली तर चिपळूण-खेडवरून दापोली गाठायला शंभर किलोमीटरच्या वर वळसा पडतो.

समुद्राचेही वेळापत्रक असते आणि ते आपल्याच पंचांगात सापडते. कोकणातले लोक तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे तीनच्या सुमारास भरती, अष्टमीला सहाच्या, पौर्णिमा-अमावास्येला साडेअकरा-बाराच्या. सुमारे सहा तासांनी ओहोटी. या आडाख्यात थोडेफार अंतर पडते, परंतु तारीख ठरवायला तो पुरतो. हरिहरेश्वरची प्रदक्षिणेची वाट समुद्रालगतच्या खडकांवरून जाते. भरतीच्या वेळी तिथे जाणे म्हणजे जिवाशी खेळ आणि त्या खडकांवरून माणसे वाहून गेलेली आहेत. आम्ही पौर्णिमेच्या आसपासचे दिवस निवडले, त्यामुळे संध्याकाळी ओहोटी मिळाली. तरीही गावातल्या माणसाला विचारूनच पाऊल टाकले. गाडी मात्र वाळूत कोणीही घालू नये. ती रुतते, भरतीचे पाणी चढत येते, खारे पाणी चेन आणि बेअरिंग खाते. शिवाय वेळासच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात समुद्री कासवे अंडी घालतात; आपल्या चाकांचे तिथे काही काम नाही.

रस्त्यावरचे नियम आम्ही चारच ठेवले. सर्वांत पुढे रस्ता माहीत असलेला शांत डोक्याचा चालक. त्याच्या मागे सर्वांत हळू गाडी. सर्वांत शेवटी हत्यारे, पंपाची नळी आणि औषधपेटी असलेला अनुभवी चालक. दुसरा नियम आरशाचा. प्रत्येकाने आपल्या मागच्या गाडीची जबाबदारी घ्यायची. ती आरशात दिसेनाशी झाली की वेग कमी करायचा, तरीही दिसली नाही तर थांबायचे. असे प्रत्येकाने केले की थोड्याच वेळात सर्वांत पुढचाही आपोआप थांबतो. घाटात मोबाइलला रेंज नसते, आरसा मात्र नेहमी चालतो. फाट्यावरही मागचा दिसल्याशिवाय वळायचे नाही. तिसरा नियम अंतराचा. सरळ रस्त्यावर एक डावीकडे, एक उजवीकडे अशा तिरप्या रांगेत, पुढच्यापासून किमान दोन सेकंदांचे अंतर ठेवून. वळणावर एकामागे एक. चौथा उताराचा. ज्या गिअरमध्ये घाट चढावा लागेल त्याच गिअरमध्ये तो उतरावा. पेट्रोल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रल करून सोडणारे शूर आपल्यात आहेत. त्यांना एवढेच सांगणे की सगळा भार ब्रेकवर आला की ब्रेक तापतात आणि तापलेले ब्रेक हवे तेव्हा धरत नाहीत. अरुंद घाटात चढणाऱ्या वाहनाला वाट द्यावी, हा तर कायद्याचाच नियम आहे. हेल्मेट पुढच्याला आणि मागच्यालाही, याबद्दल चर्चा नको.

आरशाच्या नियमाची परीक्षा आंबेनळी घाटात झाली. दुधाच्या गाडीची क्लच वायर एका वळणावर तुटली. काही मिनिटांत पाचही गाड्या थांबल्या होत्या. जास्तीची वायर शेवटच्या गाडीच्या डिकीत होती. अर्ध्या तासात काम झाले, तेवढ्यात बाकीच्यांनी सावित्रीचे खोरे डोळे भरून पाहिले. वेळापत्रकात दररोज दोन तास रिकामे सोडले होते, म्हणून कोणाच्या कपाळावर आठी पडली नाही.

पावसाळ्यात कोकण सुंदर दिसते, ही फेरी तेव्हा का नाही, असे कोणी विचारील. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत हाच आंबेनळीचा रस्ता ठिकठिकाणी तुटला होता. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरचा जुना दगडी पूल पुरात कोसळला आणि एस.टी.च्या दोन गाड्या माणसांसह वाहून गेल्या. त्या जागी झालेल्या नव्या पुलावरून आम्ही गेलो तेव्हा आमच्यातले बोलणे आपोआप थांबले. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. भातकापणी उरकत आलेली असते, हवा स्वच्छ असते आणि ओढ्यांना थोडे पाणीही असते.

शेवटचे काम घरच्यांचे. मार्ग, मुक्कामाची ठिकाणे, गाड्यांचे क्रमांक, सर्वांचे रक्तगट आणि फोन करण्याच्या वेळा एका कागदावर लिहून आम्ही आठही घरी दिल्या. आमच्यात दोन मैत्रिणी होत्या. दोघींपैकी एकीच्या आईने आधी ठाम नकार दिला होता. तो कागद त्यांनी दोनदा वाचला, अंधारात घाट नाही हे वाक्य बोटाने दाखवून ‘हे नक्की ना?’ असे विचारले आणि परवानगी दिली. तिन्ही संध्याकाळी ठरल्या वेळी फोन गेले. रविवारी रात्री आठच्या आत सारे घरी होते. सोमवारी पहाटे दूधही वेळेवर गेले.

येत्या सुट्टीत कोणाला ही फेरी करायची असेल तर आमचा नकाशा आणि तो कागद भूगोल विभागात ठेवला आहे. अवश्य न्यावा, मात्र आपल्या टोळीतली सर्वांत हळू गाडी कोणती, हे आधी ठरवून यावे.