वेधशाळेची भेट : जाणाऱ्यांसाठी आणि मागे राहणाऱ्यांसाठी

फेब्रुवारीच्या मध्यास रात्री नऊच्या सुमारास जळकोट परिसरातील एखाद्या उघड्या माळावर उभे राहिल्यास उत्तरेस ध्रुव आणि दक्षिणेस अगस्त्य हे दोन तारे क्षितिजापासून जवळजवळ सारख्याच उंचीवर दिसतात. हात समोर ताठ धरून मूठ मिटली, की ती डोळ्यापुढे सुमारे १० अंशांचा कोन व्यापते. एकावर एक ठेवलेल्या दोन मुठींहून ही उंची किंचित कमी भरते. ध्रुवाची उंची म्हणजेच त्या स्थळाचा अक्षांश होय आणि जळकोटचा अक्षांश सुमारे १८.६ अंश आहे. या मोजणीस कोणतेही उपकरण लागत नाही. लागतो तो काळोख, आणि तो लातूर जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, बालाघाटच्या डोंगरांत वसलेल्या या तालुक्यात अद्याप बऱ्याच ठिकाणी शिल्लक आहे.

माध्यमिक शाळांच्या सहली निघतात त्या बहुधा लेणी, किल्ले, धरणे आणि तीर्थक्षेत्रे पाहण्यासाठी. इयत्ता नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात दुर्बिणींवर स्वतंत्र पाठ समाविष्ट झाला. परंतु त्या पाठातील वस्तू प्रत्यक्ष पाहण्यासारखी जागा याच राज्यात आहे, ही गोष्ट सहलीचा आराखडा करताना सहसा ध्यानात येत नाही. पुणे जिल्ह्यात नारायणगावाजवळ खोडद येथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण, म्हणजेच जीएमआरटी, उभी आहे. डॉ. गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) यांच्या कल्पनेतून व नेतृत्वाखाली ती साकार झाली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या मिळून ही एक दुर्बीण होते. त्यांपैकी १४ मध्यवर्ती भागात जवळजवळ आहेत. उरलेल्या १६ इंग्रजी वाय अक्षराच्या आकारात तीन दिशांना पसरल्या असून त्यांच्यातील सर्वांत मोठे अंतर सुमारे २५ किलोमीटर भरते. त्यामुळे सूक्ष्म तपशील टिपण्याच्या बाबतीत ही दुर्बीण २५ किलोमीटर रुंदीच्या एकाच तबकडीसारखी काम करते.

राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त, म्हणजे २८ फेब्रुवारीच्या सुमारास, खोडदला विज्ञान प्रदर्शन भरत आले आहे. आसपासच्या ग्रामीण शाळांचे विद्यार्थी आपापले प्रयोग तेथे मांडतात. दूरच्या शाळेनेही आधी लेखी परवानगी घेऊन याच सुमारास भेट आखणे सोयीचे ठरते.

येथे शिक्षकांनी एक गोष्ट निघण्यापूर्वीच मुलांना स्पष्ट सांगितली पाहिजे. वेधशाळेत गेल्यावर दुर्बिणीला डोळा लावून शनीची कडी पाहावयास मिळतील, अशी अपेक्षा बाळगून मुले निघतात आणि निराश होऊन परततात. रेडिओ दुर्बिणीतून डोळ्यांना काहीच दिसत नाही. ती आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी गोळा करते आणि त्यांचे चित्र संगणक तयार करतो. जुन्नरजवळ गिरवली येथे आयुका या संस्थेची २ मीटर व्यासाच्या आरशाची प्रकाशीय दुर्बीण २००६ पासून आहे. तिचाही प्रकाश संशोधकाच्या डोळ्यात जात नाही, तो संवेदक यंत्रावर पडतो. संशोधनाची साधने आता अशीच असतात. हे आधीच ठाऊक असलेला विद्यार्थी तेथे जाऊन वेगळे प्रश्न विचारतो.

पहिला प्रश्न बहुधा तबकडीच्या जाळीविषयी असतो. एवढी मोठी तबकडी, आणि तिचा पृष्ठभाग पत्र्याचा नसून तारेच्या जाळीचा कसा? याचे उत्तर घरातील चाळणीत सापडते. चाळणीच्या छिद्राहून मोठा दाणा खाली पडत नाही. जीएमआरटीच्या जाळीची छिद्रे एक ते दोन सेंटिमीटरची आहेत, तर अवकाशातील हायड्रोजनपासून येणाऱ्या सुप्रसिद्ध लहरीची लांबी २१ सेंटिमीटर आहे. अशा लांब लहरीला ती जाळी अखंड पत्र्यासारखीच भासते आणि लहर परावर्तित होते. वारा मात्र जाळीतून निघून जातो. त्यामुळे तबकडी हलकी ठेवता आली आणि खर्चही आटोक्यात राहिला. ही उपमा तंतोतंत नाही, कारण लहर म्हणजे दाणा नव्हे. तथापि नववीच्या वर्गाला ती पुरेशी आहे.

खरी अडचण निराळीच आहे. जळकोटहून खोडद नकाशावर सरळ रेषेत सुमारे ३३० किलोमीटर असून रस्त्याने ते अंतर बरेच वाढते. मुक्काम करावाच लागतो. शैक्षणिक सहलीस राज्य परिवहनाच्या बसचे भाडे सवलतीत मिळाले, तरी ज्यांच्या घरी तेवढी रक्कमही जड जाते अशी मुले मागे राहतात. आणि मुक्कामाची परवानगी न मिळाल्याने मुली मागे राहतात. सोबत शिक्षिका असणे, मुक्कामाचे ठिकाण पालकांना आधी कळविणे आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत त्याची चर्चा होणे यांमुळे मुलींची संख्या वाढू शकते. एवढे करूनही बसमध्ये सारा वर्ग मावणार नाही. म्हणून भेटीची आखणी अशी असावी, की मागे राहिलेल्यांवाचून ती पूर्णच होऊ नये.

यासाठी एक जुना आणि सोपा प्रयोग उपयोगी पडतो. सपाट जमिनीवर एक काठी ओळंब्याने सरळ उभी करावी व तिच्याभोवती दोरीने वर्तुळ काढावे. दुपारपूर्वी काठीच्या सावलीचे टोक वर्तुळाला आत शिरताना स्पर्श करते, दुपारनंतर बाहेर पडताना पुन्हा स्पर्श करते. या दोन वेळांचा बरोबर मध्य म्हणजे त्या ठिकाणचा खरा मध्यान्ह. एकाच दिवशी एका गटाने हे खोडदला करावे, दुसऱ्याने जळकोटला शाळेच्या पटांगणात. फेब्रुवारीच्या मध्यास जळकोटचा मध्यान्ह १२ वाजून ३५ मिनिटांच्या आसपास येतो, खोडदचा १२ वाजून ४८ मिनिटांच्या आसपास. घड्याळे मात्र दोन्हीकडे आधी जुळवून घेतलेली असावीत.

हा साडेबारा मिनिटांच्या आसपासचा फरक म्हणजे पृथ्वीला ३३० किलोमीटर फिरण्यास लागलेला वेळ. दिवसाची मिनिटे १४४०. त्रैराशिक मांडले असता या अक्षांशावरील पृथ्वीचा घेर सुमारे ३८ हजार किलोमीटर येतो आणि तो वास्तवाच्या अगदी जवळचा आहे. मोजणीत एका मिनिटाची चूक झाली, तरी उत्तर सुमारे ३ हजार किलोमीटरने चुकते. ही चूक का झाली, हे शोधणेही प्रयोगाचाच भाग होय. खोडदचा आकडा जळकोटच्या आकड्याशिवाय निरुपयोगी आहे. सहलीला न गेलेल्या मुलीच्या वहीतील वेळ त्या गणितात तितक्याच मोलाची ठरते.

वेधशाळेचे अंतर पुढील काळात या भागासाठी कमी होणार आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरींचा वेध घेणारी लायगो-इंडिया वेधशाळा उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपयांच्या खर्चासह मंजुरी दिली आणि त्याच वर्षी ११ मे रोजी कोनशिला बसविण्यात आली. काटकोनात असलेल्या, प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या दोन नळ्यांतून जाणाऱ्या लेसर किरणांच्या साहाय्याने तेथे प्रोटॉनहूनही कितीतरी सूक्ष्म अशा लांबीतील बदल मोजले जातील. अशा लहरी प्रथम अमेरिकेतील दोन जुळ्या वेधशाळांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी टिपल्या. जळकोटपासून औंढा सरळ रेषेत शंभर-सव्वाशे किलोमीटरच आहे. तेथील उपकरणाला दूरवरून जाणाऱ्या मालमोटारीची थरथरही जाणवू शकते, म्हणून शांत जमीन निवडावी लागली. खोडदला रेडिओ लहरींचा गोंगाट नको असतो, त्यामुळे भेटीच्या वेळी मोबाईल बंद ठेवावे लागतात. गिरवलीला शहराचा उजेड नको असतो.

हा शेवटचा मुद्दा ग्रामपंचायतींच्या अखत्यारीतील आहे. गावोगावी लागलेल्या नव्या पांढऱ्या दिव्यांचा बराच प्रकाश रस्त्यावर न पडता वर जातो. दिव्यावर झाकण बसवून प्रकाश खाली वळविला, तर रस्ता अधिक उजळतो आणि आकाशही वाचते. सहल परतल्यानंतरच्या पहिल्या अमावास्येला शाळेच्या पटांगणात आकाशदर्शन ठेवावे आणि ग्रामपंचायतीने त्या बाजूचे दिवे तासभर बंद ठेवावेत. डोळे काळोखाला सरावण्यास वीस ते तीस मिनिटे लागतात. तेवढ्या वेळात खोडदहून आलेल्यांनी पाहिलेले सांगावे आणि गावी राहिलेल्यांनी आपल्या सावलीचे आकडे वाचून दाखवावेत.