मनाची मशागत : झोप, आहार आणि हालचाल



बियाणे, खते, कीड आणि बाजारभाव यांविषयी आपण नेहमीच बोलतो. आज बोलायचे आहे ते शेतात राबणाऱ्या माणसाच्या मनाविषयी. पीक पिवळे पडले की आपण लगेच मुळाशी उकरून पाहतो. पाणी साचले का, नत्र कमी पडले का, हुमणी लागली का? पण घरातला माणूस कोमेजला, तर "जाऊ द्या, होईल हळूहळू बरा" म्हणून सोडून देतो. वाट बघण्यात महिने जातात आणि साधा आजार हाताबाहेर जातो.

कर्ज, पावसाची ओढ, पडलेला भाव ही काळजीची कारणे खरीच आहेत. नुसत्या झोपेने कर्ज फिटत नाही आणि भाकरी-भाजीने भाव वाढत नाही. परंतु बँकेत काय बोलायचे, माल आज विकायचा की थांबायचे, दुबार पेरणी करायची की नाही, हे ठरवायला डोके ठिकाणावर लागते. ते ठिकाणावर ठेवण्यात झोप, आहार आणि हालचाल यांचा मोठा वाटा आहे. कसा, ते आता पाहू.

ओळखायचे कसे?

काळजी सगळ्यांनाच असते. पण छातीत धडधड, तळहाताला घाम, पोटात गोळा, रात्रंदिवस तेच ते विचार, बारीकसारीक गोष्टीची धास्ती, असे रोजच होऊ लागले आणि कामात लक्ष लागेना, तर तो चिंतेचा आजार असू शकतो.

उदासीनतेची, म्हणजे डिप्रेशनची लक्षणे वेगळी. कशातच जीव रमत नाही. सण असो की बैलजोडी, कशाचेच कौतुक वाटत नाही. भूक मंदावते. पहाटे तीनलाच जाग येते. अंगात त्राण राहत नाही. "माझ्यामुळेच सगळ्यांना त्रास" असे वाटू लागते. हे बहुतेक दिवस, सलग दोन आठवडे टिकले तर त्याला आजार समजावे. आपल्याकडे पुष्कळ जण मनाचे दुखणे सांगतच नाहीत. "डोकं दुखतंय, अंग मोडून आलंय, अशक्तपणा आहे" एवढेच सांगतात आणि सलाइन लावून घेतात. सलाइनने मन बरे होत नाही.

हा आळस नव्हे, बाहेरची बाधा तर नव्हेच नव्हे. २०१५-१६ साली झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दिसले की आपल्या देशात साधारण २० माणसांत एकाला आयुष्यात कधी ना कधी उदासीनतेचा आजार होतो. म्हणजे प्रत्येक वाडी-वस्तीवर कोणी ना कोणी असणारच.

१. झोप

झोप म्हणजे वाया गेलेला वेळ, असा पुष्कळांचा समज आहे. तो चुकीचा आहे. मोठ्या माणसाला रात्री सात तास तरी झोप लागते. झोप अपुरी राहिली की मेंदूतला भीती आणि राग जागवणारा भाग चटकन भडकतो, आणि त्याला आवर घालणारा पुढचा भाग सुस्त होतो. वेसण सुटलेल्या बैलासारखी गत होते. म्हणून जागरण झालेल्या माणसाला साधे बोलणेही टोचते आणि छोटी अडचण डोंगराएवढी दिसते. शिवाय चिंतेने झोप उडते आणि झोप उडाल्याने चिंता वाढते. हे रहाट एकदा सुरू झाले की थांबवायला मुद्दाम प्रयत्न करावा लागतो.

काय करावे?

(अ) झोपायची वेळ मागेपुढे झाली तरी उठायची वेळ रोज एकच ठेवा. सकाळचे ऊन डोळ्यांना लागले की शरीरातले घड्याळ लागते आणि रात्री वेळेवर झोप येते.

(आ) उधारी-कर्जाचा हिशोब अंथरुणात करू नका. दिवेलागणीच्या वेळी कागद घेऊन बसा, उद्याची कामे आणि देणी लिहून काढा, कागद घडी करून ठेवा.

(इ) पडल्यावर अर्धा तास झोप आली नाही तर तळमळत राहू नका. उठा, अंगणात शांत बसा, पेंग आली की परत आडवे व्हा. मोबाइल मात्र हातात घेऊ नका.

(ई) चहाचा अंमल लवकर उतरत नाही. चार वाजता घेतलेल्या चहातली तरतरी रात्री नऊच्या सुमारासही साधारण निम्मी शिल्लक असते. झोपेची तक्रार असेल तर दुपारनंतर चहा बंद.

(उ) "थोडी घेतली की झोप लागते" असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. दारूने डोळा लागतो हे खरे, पण उत्तररात्री झोप मोडते, आणि दुसऱ्या दिवशी धडधड आणि उदासी आणखी वाढते. तंबाखू आणि मशेरीचेही तसेच. तलफ भागली की बरे वाटते, कारण अस्वस्थता मुळात तलफेनेच आणलेली असते.

रात्रीची वीज आणि झोप

आता कोणी म्हणेल, "सांगणं सोपं आहे हो, पण आमच्या पंपाला लाइट येते रात्री!" खरे आहे. कृषी पंपांना दिवसा वीज मिळावी म्हणून राज्यात २०१७ पासून सौर कृषी वाहिनीची योजना आली, तरी ज्यांच्या वाट्याला रात्रीची पाळी येते त्यांना दारे धरायला रात्रीच जावे लागते. त्यांनी पुढीलप्रमाणे करून पाहावे.

पाळीच्या दिवशी संध्याकाळी लवकर जेवून तास-दीड तास झोप काढावी. परत आल्यावर चहा न घेता थेट झोपावे आणि डोळ्यांवर उपरण्याची घडी ठेवावी, म्हणजे उजेडाने जाग येणार नाही. दुपारी जेवणानंतर अर्ध्या तासाची डुलकी घ्यावी, पण संध्याकाळपर्यंत ताणू नये. आणि सर्वांत महत्त्वाचे, सावड करावी. पेरणी-काढणीला आपण सावडीने काम करतोच. तसे दोन-तीन शेजाऱ्यांनी मिळून रात्री वाटून घेतल्या, तर प्रत्येकाला आठवड्यात काही रात्री पुरती झोप मिळेल. अंधारात विंचू-काट्याचे भयही दोघे असले की कमी.

२. आहार

मेंदू वजनाने शरीराचा पन्नासावा भाग, पण खाल्लेल्या अन्नातली साधारण पाचवा भाग शक्ती तो एकटा खातो. त्याला उपाशी ठेवून कसे चालेल? सकाळी नुसत्या चहावर शेतात गेलेल्या माणसाचे अकरा वाजता हात थरथरतात, घाम येतो, छाती धडधडते. हे भुकेचे लक्षण असते, पण चिंतेच्या माणसाला वाटते, आपल्याला काहीतरी झाले. तेव्हा कामाला जाण्यापूर्वी भाकरी खाऊन जा आणि पाण्याची कळशी बांधावर असू द्या.

आहाराने उदासीनता कमी होते का, याची ऑस्ट्रेलियात परीक्षा घेतली गेली. तिचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. आजार असलेल्या ६७ जणांचे दोन गट केले. एका गटाला भाज्या, फळे, कडधान्ये, अखंड धान्य, मासे आणि तेलबिया असा आहार समजावून दिला. दुसऱ्या गटाला नुसती गप्पांची सोबत दिली. १२ आठवड्यांनी पहिल्या गटातील साधारण तिघांत एक जण आजारातून बाहेर आला. दुसऱ्या गटात बारांत एक. परीक्षा लहान होती आणि बऱ्याच जणांचे औषधोपचारही चालू होते, म्हणून आहार हेच औषध असे म्हणता येणार नाही. पण औषधाला आहाराची जोड हवी, हे त्यावरून दिसते.

यासाठी परदेशी काही आणायला नको. ज्वारी, बाजरी, नाचणीची भाकरी. तूर, मूग, मटकी, हुलगा. मेथी, अंबाडी, शेवग्याचा पाला. जवसाची चटणी, शेंगदाणे. ताक-दही, जमल्यास अंडी किंवा मासे. आपल्या शिवारातच हे सगळे आहे. दुर्दैव असे की आपण ते बाजारात नेतो आणि येताना बिस्किटाचा पुडा आणि फरसाण घेऊन येतो.

दोन गोष्टी खास लक्षात ठेवा. एक, रक्त कमी असले की थकवा येतो, धाप लागते, धडधड होते आणि मन खचते. आपल्या भगिनींमध्ये हे फार आढळते, कारण सगळ्यांचे झाल्यावर उरले-सुरले खाण्याची रीत. पालेभाजीवर लिंबू पिळा, म्हणजे लोह अंगी लागते. आणि जेवणाबरोबर चहा नको, तो लोह अडवतो. दुसरे, ब-१२ हे जीवनसत्त्व दूध, दही, अंडी, मासे, मांस यांतूनच मिळते. शाकाहारी माणसाला त्याची उणीव पडू शकते. मग हातापायाला मुंग्या येतात, विसरायला होते, उदास वाटते. रक्त तपासून घेतले की कळते आणि औषधाने भरून निघते.

३. हालचाल

"दिवसभर राबतो, आता आणखी कसला व्यायाम?" हा प्रश्न हमखास येतो, आणि तो रास्त आहे. अमेरिकेत १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उदासीनतेचा आजार असलेल्या, पन्नाशीच्या पुढच्या १५६ लोकांना घेतले. काहींना औषध, काहींना नेमाने चालण्या-पळण्यासारखा व्यायाम, काहींना दोन्ही दिले. औषध घेणाऱ्यांना गुण लवकर दिसू लागला, पण १६ आठवड्यांनी तिन्ही गट जवळपास सारखेच सुधारले होते. इतका गुण व्यायामात आहे.

मग शेतमजुरीने तो का मिळत नाही? अभ्यासात असे दिसते की पोटासाठी, सक्तीने, विसाव्याशिवाय केलेल्या कष्टाचा मनाला तेवढा उपयोग होत नाही, जेवढा आपल्या मर्जीने केलेल्या हालचालीचा होतो. कोळपणी करताना डोक्यात कर्जच घोळत असते. पण पहाटे मित्राबरोबर गावकुसापर्यंत चालणे, तालमीत जाणे, भजनी मंडळात टाळ घेऊन नाचणे, मुलांबरोबर विटीदांडू खेळणे, यांत अंग हलते, सोबत मिळते आणि मनाचा काटा निघतो. आणि तुडुंब कामाच्या दिवसांत व्यायामापेक्षा विसावा घेणे शहाणपणाचे. सुगी संपल्यावर, रिकामपणाच्या महिन्यांत, हालचाल सोडू नका. उदासी त्याच दिवसांत दाटते. आठवड्याला दीडशे मिनिटे, म्हणजे रोज वीस-पंचवीस मिनिटे भरभर चालणे पुरते.

आता एक अडचण. उदास माणसाला उठावेसेच वाटत नाही. तो म्हणतो, "मन लागलं की करीन." इथे उलटे करायचे असते. आधी हात लावायचा, मन मागून येते. आज गोठ्यापर्यंत जा, उद्या बांधापर्यंत. गोव्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांतून याच धर्तीवर उपचार दिले गेले. डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण घेतलेल्या सल्लागारांनी रुग्णांशी सहा ते आठ वेळा बोलून त्यांना लहान-लहान कामांना पुन्हा लावले. २०१७ साली जे निष्कर्ष आले त्यांत, तीन महिन्यांनी अशा रुग्णांपैकी शंभरात ६४ जणांचा आजार ओसरला होता. नेहमीचेच उपचार घेणाऱ्यांत ३९ जणांचा.

डॉक्टरकडे केव्हा जावे?

मशागत कितीही चांगली केली तरी रोग पडला की औषध लागतेच. दोन आठवड्यांत फरक नसेल, खाणेपिणे सुटले असेल, कामच होत नसेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा जिल्हा रुग्णालयात दाखवा. उदासीनतेच्या औषधाचा गुण यायला काही आठवडे लागतात. बरे वाटले म्हणून मनाने बंद करू नका. झोपेच्या गोळ्या परस्पर दुकानातून घेऊ नका, त्यांची सवय लागते.

दाखवायला लाज वाटते, हे खरे. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला. सुरुवातीला आजारी असलेल्या शंभरांपैकी चारच जण मदत घेत होते. गावातल्याच कार्यकर्त्यांनी घरोघरी बोलायला सुरुवात केली, आणि दीड वर्षाने मदत घेणारे शंभरात २७ झाले. बोलणारा भेटला की माणूस बोलतो.

"आता जगण्यात अर्थ नाही" असे कोणी म्हटले, किंवा अचानक निरवानिरवीचे बोलू लागला, तर हसण्यावारी नेऊ नका. सरळ विचारा, "जिवाचं काही बरं-वाईट करायचं मनात येतं का?" विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही, उलट ओझे हलके होते. त्याला एकटे सोडू नका. फवारणीची औषधे त्या घरातून हलवा, दुसऱ्याच्या ताब्यात कुलपात ठेवा. आणि १४४१६ या क्रमांकावर फोन लावा. ही 'टेली-मानस' सेवा सरकारने २०२२ साली सुरू केली आहे. ती मोफत आहे, रात्री-अपरात्री चालू असते आणि मराठीतून बोलता येते.

लक्षात ठेवा :

• उठायची वेळ एक, झोप सात तास.
• कामाला जाण्यापूर्वी भाकरी, दुपारनंतर चहा नाही.
• झोपेसाठी दारू नाही.
• रोज वीस-पंचवीस मिनिटे, सोबतीने चालणे.
• रात्रीची पाळी सावडीने.
• दोन आठवडे उदासी टिकली तर दवाखाना.

हे पत्रक वाचून झाल्यावर घरात मोठ्याने वाचून दाखवा, आणि अलीकडे पारावर यायचा बंद झालेला कोणी असेल तर आज संध्याकाळी त्याच्या घरावरून एक चक्कर मारा.