विमान दुरुस्त करणारा कसा तयार होतो



आपल्या गावावरून विमाने जातात हे सगळ्यांना माहीत आहे. आवाज आला की गुरुजी शिकवायचे थांबतात, कारण काही ऐकूच येत नाही. ओझर आपल्यापासून जवळ आहे. तिथे १९६४ साली मिग विमानांचा कारखाना सुरू झाला. पुढे तिथे सुखोई विमाने बांधली. १७ ऑक्टोबर २०२५ ला तिथेच बनवलेले तेजस विमान उडाले.

मोठेपणी कोण होणार असे गुरुजींनी विचारले तेव्हा आमच्या वर्गातल्या अकरा जणांनी वैमानिक म्हणून हात वर केले. मी म्हणाले, मी विमान दुरुस्त करणार. सगळे हसले. म्हणून मी हा लेख लिहीत आहे.

राइट बंधूंचे नाव सगळ्यांना पाठ आहे. पण १९०३ साली त्यांच्या विमानाचे इंजिन कोणी बनवले? त्यांच्या सायकलच्या दुकानात चार्ली टेलर नावाचा कारागीर कामाला होता, त्याने. सहा आठवड्यांत बनवले. अमेरिकेत त्याचा वाढदिवस, २४ मे, हा विमान दुरुस्त करणाऱ्यांचा दिवस म्हणून पाळतात.

माझा मामेभाऊ हे काम शिकतो आहे. दिवाळीला तो आला होता. मी त्याला इतके प्रश्न विचारले की मामी म्हणाली, "अगं, त्याला करंजी तरी खाऊ दे!"

आधी बारावी सायन्स करावी लागते. गणित, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र हे विषय पाहिजेत. मग सरकारने मान्यता दिलेल्या संस्थेत शिकायचे आणि त्यानंतर खऱ्या विमानांवर काम करायचे. लायसन हातात यायला साधारण चार वर्षे जातात. लायसनचे प्रकार आहेत. इंजिन आणि सांगाडा बघणाऱ्याचे बी-१, आणि वायरिंग, रेडिओ, यंत्रांचे काटे बघणाऱ्याचे बी-२. दहावीनंतर आयटीआय करून कारखान्यात शिकाऊ म्हणून लागायचा रस्ताही आहे. मुलींना चालते का, हे मी पहिल्यांदा विचारले. चालते.

परीक्षा सरकारचे विमान खाते घेते. प्रत्येक विषयात शंभरात ७५ मिळाले तरच पास. दादाला एका विषयात ७१ पडले. आपल्या शाळेत ७१ पडले तर घरी पेढे आणतात, तिथे तो नापास झाला! फी लाखांत आहे आणि मामांनी कर्ज काढले आहे, म्हणून दादा दोन दिवस नीट जेवला नाही असे मामी सांगत होती. मी म्हणाले, "७५ म्हंजे लईच झाले की रे." तो म्हणाला, "शंभरातली २५ चुकली तरी सोडतात, हेच मला जास्त वाटतं."

सुरुवातीला त्यांना विमानाला हातच लावू देत नाहीत. लोखंडाचा तुकडा कानशीने घासून अगदी सपाट करायचा. दादाच्या बोटांना फोड आले होते. मग तार पिळायला शिकवतात. विमानाच्या इंजिनाचे बोल्ट हादऱ्याने ढिले होऊ नयेत म्हणून दोन बोल्टांच्या भोकांतून तार ओवून पीळ देतात. बोल्ट सुटू लागला की तार त्याला उलट आवळायच्या बाजूलाच ओढते. दादाने मला दोन खिळे आणि सायकलच्या ब्रेकची तार घेऊन दाखवले. मला अजून नीट जमत नाही.

बोल्ट किती आवळायचा हे पुस्तकात लिहिलेले असते. तेवढाच जोर लागला का, हे दाखवणारा पाना असतो. पुस्तक इंग्रजीत असते. काम कितीही पाठ झाले तरी पुस्तक उघडूनच करायचे. पाने, पक्कड यांची जागा फळीवर त्यांच्या आकाराने आखलेली असते. संध्याकाळी एक जागा जरी रिकामी दिसली तरी ते हत्यार सापडेपर्यंत विमान सोडत नाहीत. शेवटी काम करणारा सही करतो. त्याच्या सहीशिवाय वैमानिकाला विमान नेता येत नाही.

एवढे कडक कशाला, असे मी विचारले. तेव्हा दादाने ही गोष्ट सांगितली. १० जून १९९० ला इंग्लंडमध्ये एका प्रवासी विमानाची पुढची काच आकाशात निघून गेली. वैमानिक कमरेपर्यंत बाहेर ओढला गेला. आतल्या माणसांनी त्याचे पाय धरून ठेवले आणि दुसऱ्या वैमानिकाने विमान उतरवले. वैमानिक वाचला. ती काच नुकतीच बदललेली होती. तिच्या ९० बोल्टांपैकी ८४ बोल्ट जरा बारीक होते. किती बारीक, तर एक मिलिमीटरपेक्षाही कमी फरक. दुरुस्त करणाऱ्याने पुस्तकात नंबर बघितला नव्हता. जुन्या बोल्टाशेजारी धरून, दिसायला सारखे ते घेतले होते.

हे ऐकल्यावर माझ्या पोटात गोळा आला. त्याचे कारण आता लिहिते. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस झाला तेव्हा आमच्या द्राक्षाला डावणीचे औषध मारायची घाई होती. ब्लोअरच्या पंपाचा एक बोल्ट अण्णांनी मला धरायला दिला होता आणि तो माझ्याकडून हरवला. मी डब्यातला तसाच दिसणारा दुसरा दिला. तो नीट बसत नव्हता, पण मी बोलले नाही. बागेत अर्ध्या ओळीत पंप सुटला, औषध सांडले आणि फवारणी दुसऱ्या दिवसावर गेली. अण्णा दुकानदाराला बोल्ट खराब दिला म्हणून बोलले. दुकानदाराची काही चूक नव्हती.

अण्णा शनिवारी शाळेत येणार आहेत आणि हे वाचणार आहेत. हरवलेला बोल्ट मला नंतर गोठ्यात सापडला. तो माझ्या कंपासपेटीत आहे.

दादाची राहिलेली परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. पास झाला तर पुढच्या अंकात लिहीन.

– इयत्ता चौथीची एक विद्यार्थिनी