दोनशे मिनिटांतला आपला वाटा

अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलचा सामना ४० मिनिटांचा असतो. मुलांचा २०-२० मिनिटांच्या दोन भागांत, मुलींचा १०-१० मिनिटांच्या चार भागांत. मैदानावर एका वेळी संघाचे पाच जण. म्हणजे प्रशिक्षकाकडे वाटायला एकूण २०० मिनिटं असतात आणि ती मागणारे खेळाडू तेरा ते पंधरा.

पहिल्या पाच जणांना सरासरी ३० मिनिटं दिली की १५० संपली. उरलेल्या ५० पैकी सहाव्या खेळाडूला २०, सातव्याला १५ आणि आठव्याला १० मिळाली की शिल्लक राहतात पाच. नवव्यापासून पुढच्या सगळ्यांसाठी तेवढीच. आपल्या शाळेचा, कदाचित आपल्या शहराचाही सर्वोत्तम खेळाडू म्हणून गाजलेला मुलगा शिष्यवृत्ती मिळवून कॉलेजात येतो आणि या पाच मिनिटांच्या रांगेत बसतो. त्याला एक मिनिट जास्त मिळायचं तर दुसऱ्या कुणाचं तरी एक मिनिट कमी व्हावं लागतं.

ही मिनिटं मागून मिळत नाहीत आणि नुसत्या गुणवत्तेवरही मिळत नाहीत. ती विश्वासावर मिळतात. हा विश्वास सामन्यात नव्हे, सरावात कमवावा लागतो. तो कसा, हे क्रमाने पाहू.

प्रशिक्षक काय मोजतो

कॉलेजच्या एका सामन्यात प्रत्येक संघाकडे साधारण ६५ ते ७० वेळा चेंडूचा ताबा येतो. एका ताब्यातून सरासरी एक गुण निघतो, चांगल्या संघाला थोडा जास्त. बाकावरून उठलेल्या खेळाडूला पहिल्या खेपेत चार मिनिटं मिळाली, तर त्याच्या वाट्याला सुमारे सात आक्रमणं आणि सात बचाव येतात. एवढ्यात एक पास प्रतिस्पर्ध्याच्या हातात गेला आणि एकदा आपला माणूस मोकळा सुटून त्याने तीन गुणांचा फटका साधला, तर चार गुणांचं नुकसान झालं. कॉलेजचे कितीतरी सामने याहून कमी फरकाने सुटतात.

म्हणून राखीव खेळाडूकडे पाहताना प्रशिक्षकाच्या मनात पहिला प्रश्न असतो: याला पाठवलं तर काय बिघडेल? काय चांगलं घडेल, हा प्रश्न नंतर येतो. बाकावरच्या खेळाडूचा विचार मात्र नेमका उलटा चालतो. संधी मिळाली की गुण करून दाखवायचे, असं त्याने ठरवलेलं असतं. त्या घाईत तो अवघड जागेवरून फटका मारतो, चुकतो आणि दीड मिनिटात परत बाकावर येतो. पहिलं काम गुण करण्याचं नाही. आपल्याला न खेळवण्याची कारणं एकेक करून दूर करणं, हे पहिलं काम आहे.

आधी नीट विचारावं

ही कारणं अंदाजाने शोधू नयेत. प्रशिक्षकाला किंवा आपल्या जागेच्या खेळाडूंवर काम करणाऱ्या सहायक प्रशिक्षकाला भेटून विचारावं. सामना संपल्या संपल्या, पराभव ताजा असताना नव्हे; दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, त्यांच्या खोलीत, वेळ मागून. ‘मला का खेळवत नाही?’ या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा सावरून दिलेलं मिळतं. ‘तुम्हाला माझी खात्री वाटावी म्हणून मी कोणत्या दोन गोष्टी सुधारू?’ असं विचारलं तर उत्तर नेमकं येतं. ते लिहून ठेवावं, तीन आठवड्यांनी पुन्हा जावं आणि त्या दोन गोष्टींबद्दलच बोलावं. सामन्याचं आणि सरावाचं चित्रण सोबत बसून पाहायची विनंती करावी. पडद्यावर आपली चूक दिसली की वाद उरत नाही.

हे बोलणं खेळाडूने स्वतः करायचं असतं. आईवडिलांनी फोन करून मुलाच्या मिनिटांची चौकशी करणं बहुतेक प्रशिक्षकांना आवडत नाही. ज्यांची मुलं अमेरिकेत खेळतात अशा मराठी घरांनीही हे ध्यानात ठेवावं. काळजी रास्त असते, पण तिने मुलाची बाजू कमकुवतच होते.

बचावातून दार उघडतं

फटका काही दिवस बसतो, काही दिवस बसत नाही. बचाव मात्र रोज करता येतो. म्हणून राखीव खेळाडूसाठी सर्वांत जवळची वाट बचावाची.

कॉलेजातला बचाव म्हणजे एकाने एकाला अडवणं एवढंच नसतं. चेंडू मैदानाच्या उजव्या बाजूला असेल, तर डाव्या बाजूच्या बचावपटूने आपल्या माणसापासून सरकून बास्केटच्या दिशेने मदतीला यायचं असतं. शरीर असं वळवायचं की चेंडूही दिसावा आणि आपला माणूसही. चेंडू त्या माणसाकडे गेला की धावत सुटायचं, शेवटची दोन-तीन पावलं आखूड करून तोल सावरायचा आणि हात वर ठेवून समोर उभं राहायचं. नवखा खेळाडू इथे दोन चुका करतो. चेंडूकडे पाहत राहतो आणि पाठीमागून त्याचा माणूस बास्केटकडे निसटतो. नाहीतर इतक्या वेगाने अंगावर जातो की समोरचा सहज बाजूने निघून जातो. चार विरुद्ध चार असा ‘शेल ड्रिल’ नावाचा सराव जवळजवळ प्रत्येक संघात होतो, तो याच हालचाली अंगवळणी पाडण्यासाठी.

दुसरी गोष्ट बोलण्याची. प्रतिस्पर्धी स्क्रीन लावायला, म्हणजे बचावपटूची वाट अंगाने अडवून उभा राहायला आला, तर ज्याला तो दिसतो त्याने मोठ्याने ओरडून सांगायचं असतं: डावीकडे, उजवीकडे, बदल, मी आहे. गप्प बचावपटू स्वतः जागेवर असला तरी त्याचा सोबती स्क्रीनवर आदळतो. बोलायला उंची लागत नाही, उडीही लागत नाही, आणि हा आवाज प्रशिक्षकाला मैदानाबाहेर उभ्या जागी ऐकू येतो.

तिसरी गोष्ट रिबाउंडची, म्हणजे चुकलेल्या फटक्यानंतर परत येणारा चेंडू पकडण्याची. फटका हवेत गेला की बहुतेकांची नजर चेंडूवर जाते. ज्याला मिनिटं हवीत त्याने आधी आपला माणूस शोधावा, त्याला पाठीवर घ्यावं आणि मग चेंडूकडे पाहावं. रिबाउंड आपल्याला मिळाला नाही तरी चालेल, आपल्या माणसाला मिळता कामा नये. संघाला एक जादा ताबा मिळणं म्हणजे सरासरी एक गुण, हा हिशेब इथेही लागू आहे. कुणी किती चेंडूंना हात लावून दिशा बदलली, याचीही कित्येक संघांत नोंद होते. रिक पिटिनो यांच्यासारख्या प्रशिक्षकाने या आकड्याला फार महत्त्व दिलं. गुणफलकावर न दिसणारी ही कामं प्रशिक्षकाच्या वहीत दिसतात.

सरावाचं मोल

अमेरिकी कॉलेज क्रीडेच्या नियमांनुसार हंगामात सक्तीचा सराव आठवड्याला २० तासांपेक्षा जास्त घेता येत नाही आणि एक दिवस सुट्टी द्यावी लागते. ज्याला सामन्यात तीन मिनिटं मिळतात, त्याला प्रशिक्षकाच्या डोळ्यांसमोर आठवड्याला एवढे तास मिळतात. त्याचा खरा सामना तोच आहे.

राखीव खेळाडूंना सरावात पुढच्या प्रतिस्पर्ध्याची नक्कल करायची असते. याला ‘स्काउट टीम’ म्हणतात. शनिवारी ज्या संघाशी गाठ आहे त्यांचे डाव शिकायचे, त्यांच्या मुख्य खेळाडूसारखं खेळायचं आणि आपल्या पहिल्या पाच जणांना तयार करायचं. बऱ्याच जणांना हे काम कमीपणाचं वाटतं आणि ते अंग चोरतात. पण यात दोन फायदे दडलेले आहेत. रोज संघातल्या सर्वोत्तम खेळाडूशी भिडायला मिळतं. शिवाय प्रतिस्पर्ध्याचे डाव तोंडपाठ होतात, त्यामुळे सामन्यात अचानक उतरावं लागलं तरी गोंधळ होत नाही.

याचा सर्वांत ठळक दाखला स्वेन नेटर यांचा. १९७२ आणि १९७३ मध्ये प्रशिक्षक जॉन वुडन यांच्या यूसीएलए या विद्यापीठाच्या संघाने दोन्ही हंगाम एकही सामना न गमावता जिंकले. त्या संघाच्या मध्यभागी बिल वॉल्टन होते आणि नेटर त्यांचे राखीव. यूसीएलएत नेटर एकदाही सुरुवातीच्या पाचांत नव्हते. पण रोजच्या सरावात देशातल्या सर्वोत्तम सेंटरशी झुंजायचं काम त्यांनी मनापासून केलं. १९७३ मध्ये एनबीएच्या निवडीत त्यांचं नाव पहिल्या फेरीत पुकारलं गेलं. पुढे ते एबीए या त्या काळच्या दुसऱ्या व्यावसायिक लीगमध्ये खेळले आणि १९७४ मध्ये तिथले सर्वोत्तम नवोदित ठरले. नंतर एबीए आणि एनबीए या दोन्ही लीगमध्ये एकेका हंगामात सर्वाधिक सरासरीने रिबाउंड घेण्याचा मान त्यांना मिळाला. ही तयारी वॉल्टनसमोरच्या सरावात झाली होती.

एक काम हमखास

चुका कमी झाल्या की मग प्रश्न येतो: संघाला माझी गरज कशासाठी आहे? सगळं थोडं थोडं येणारा राखीव खेळाडू मागे राहतो, कारण सुरुवातीच्या पाचांना ते सगळं त्याच्याहून चांगलं येत असतं. संघाची उणीव शोधावी आणि ती भरून काढणारं एक काम पक्कं करावं. संघ तीन गुणांच्या फटक्यांत कमी पडत असेल, तर कोपऱ्यातून स्थिर उभं राहून मारलेला फटका. १०० पैकी ३८ बसले तर एका फटक्यामागे १.१४ गुण पडतात, म्हणजे दोन गुणांचे निम्मे फटके साधणाऱ्यापेक्षा जास्त. प्रतिस्पर्ध्यांचे वेगवान गार्ड त्रास देत असतील, तर त्यांना पूर्ण मैदानभर अडवण्याचं काम. चेंडू सतत हातचा जात असेल, तर दबावाखाली तो सुखरूप पुढे नेण्याचं.

यासोबत संघाचे सगळे डाव एकाहून जास्त जागांवरून पाठ असावेत. ज्याला दोन जागांवर खेळता येतं त्याच्यासाठी दोन दारं उघडी असतात.

ती चार मिनिटं

दूरचित्रवाणीवर दाखवल्या जाणाऱ्या मुलांच्या सामन्यात प्रत्येक भागात घड्याळावर १६, १२, ८ आणि ४ मिनिटं उरल्यानंतर खेळ थांबला की जाहिरातींसाठी विश्रांती होते. मुख्य खेळाडूला या विश्रांतीच्या जरा आधी बाहेर काढलं तर त्याला जास्त दम खाता येतो. म्हणून राखीव खेळाडूची पहिली हाक बरेचदा याच सुमारास येते. पाचव्या फाउलवर खेळाडू बाद होतो, त्यामुळे पूर्वार्धात दोन फाउल झालेल्या मुख्य खेळाडूलाही अनेक प्रशिक्षक बसवून ठेवतात. बाकावर बसून घड्याळ आणि फाउल मोजणाऱ्याला आपली पाळी कधी येणार हे आधीच कळतं. तो अंग गरम ठेवतो आणि आपण कुणाला अडवणार आहोत, त्याचा कुठला हात चालतो, हे पाहून ठेवतो.

उतरल्यावर पहिल्या दोन ताब्यांत बचाव, धाव आणि अचूक पास एवढंच करावं. मोकळा फटका आला तर न कचरता मारावा, शोधत जाऊ नये. ताकद राखून खेळू नये. नॉर्थ कॅरोलायनाचे प्रशिक्षक डीन स्मिथ यांच्या संघात थकलेला खेळाडू मूठ वर करून स्वतःच बाहेर येण्याची खूण करी आणि दम खाल्ल्यावर तोच परत जायचं ठरवी. तीन मिनिटं पूर्ण जोराने खेळणारा खेळाडू दहा मिनिटं हातचं राखून खेळणाऱ्यापेक्षा संघाला जास्त उपयोगी असतो, हा त्यामागचा विचार.

हंगामालाही त्याची लय असते. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये प्रशिक्षक नऊ-दहा जणांना आजमावतात. जानेवारीत आपल्या गटाचे सामने सुरू झाले की यादी सात-आठवर येते. पण दुखापती होतात, कुणी संघ सोडतो आणि दार पुन्हा किलकिलं होतं. २०१५ मध्ये ड्यूक विद्यापीठाकडे हंगामाच्या अखेरीस शिष्यवृत्तीचे आठच खेळाडू उरले होते. त्यांतला पहिल्या वर्षाचा ग्रेसन ॲलन हंगामभर सामन्याला सरासरी नऊच मिनिटं खेळला होता. राष्ट्रीय स्पर्धेच्या विस्कॉन्सिनविरुद्धच्या अंतिम सामन्यात ड्यूक ३९-४८ असा मागे असताना त्याने ओळीने आठ गुण केले. एकूण त्याचे १६ गुण झाले आणि ड्यूक ६८-६३ असा जिंकला. तीन वर्षांनी व्हिलानोव्हाच्या डॉन्टे डिव्हिन्चेन्झोने बाकावरून येऊन अंतिम सामन्यात मिशिगनविरुद्ध ३१ गुण केले. त्याच हंगामात सोबत्याच्या दुखापतीमुळे तो काही सामने सुरुवातीपासून खेळला होता आणि सोबती परतल्यावर पुन्हा बाकावर गेला होता.

कॉलेज बदलावं का

२०१८ पासून दुसऱ्या कॉलेजात जाऊ इच्छिणाऱ्या खेळाडूंसाठी ‘ट्रान्सफर पोर्टल’ ही नोंदवही आहे. २०२१ पासून पहिल्यांदा कॉलेज बदलणाऱ्याला वर्षभर थांबावं लागत नाही. त्यामुळे मिनिटं कमी मिळाली की निघून जाण्याचा विचार लगेच येतो. कधी तो योग्यही असतो: आपल्या जागेवर आपल्याहून चांगले आणि वयाने लहान असे दोघे असतील, किंवा प्रशिक्षकाने स्पष्ट नकार दिला असेल, तर थांबण्यात अर्थ नाही. पण ज्याने आपल्या दोन उणिवा विचारल्याच नाहीत, तो त्या सोबत घेऊनच नव्या कॉलेजात जातो आणि तिथेही २०० मिनिटांचा हिशेब तोच असतो.

आपल्याकडे आंतरविद्यापीठ स्पर्धांत घड्याळ ४० मिनिटांचंच असतं, खेळाडू बादही पाचव्या फाउलवरच होतो. पुणे, नागपूर, मुंबईत बाकावर बसलेल्या मुलामुलींनाही हाच हिशेब लागू पडतो. म्हणून त्यांना एवढंच सांगायचं आहे: या आठवड्यात प्रशिक्षकांकडे जा, सुधारायच्या दोन गोष्टी विचारा आणि पुढच्या सरावात पहिल्या बचावापासून मोठ्याने बोलायला लागा.